वाचकांची पत्रं : काट्यावरचं फडकं

या महिन्यात आलेल्या पत्रांतली पाच इथं घेतली आहेत. कापूस वेचणीचे दिवस आहेत, म्हणून की काय, बहुतेक पत्रं वावरातूनच आल्यासारखी वाटतात. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. 32 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, रविवारची शाळा अजून घेते. उत्तरं तिथं बसूनच लिहिली आहेत.

प्रश्न : मी आमच्या मंडळीत संडे स्कूल घेते. पाठांची पुस्तकं शहरातून येतात. चित्रं रंगीत आहेत, पण त्यातली मुलं बागेत झोके घेतात, त्यांच्या टेबलावर फळं असतात. आमची लेकरं दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आयांसोबत वेचायला जातात. पटावर चौदा, येतात पाच. आमच्यासारख्यांसाठी साहित्य कुठं मिळतं?
— एक शिक्षिका, घाटंजी तालुका

उत्तर : ताई, ती पुस्तकं टाकू नका, चित्रं कामी येतात. पण तुम्ही शोधताय ते साहित्य पोस्टानं येणारं नाही.

मागच्या वर्षी सोयाबीनची सोंगणी उरकल्यावर मी नऊ लेकरांना एका रिकाम्या वावरात घेऊन गेले. धुऱ्यावर बसवलं आणि बायबलातल्या रूथ पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचायला घेतला. आपल्या मराठी बायबलात तिथं "सरवा" हा शब्द आहे, म्हणजे कापणीनंतर वावरात पडून राहिलेलं धान्य. तो कानावर पडला तशी चौथीतली एक पोरगी उठून उभी राहिली. "मॅडम, सरवा तं माही मायबी येचते. ते बायबलात हाय?" मी पुस्तक तिच्या हातात दिलं, त्या शब्दावर तिचं बोट ठेवलं. तिनं ती ओळ दोनदा मोठ्यानं वाचली. पुढचा अर्धा तास मी काही शिकवलं नाही, पोरांनी मला शिकवलं. थ्रेशर हलल्यावर शेंगा कुठं सापडतात, कोणता कास्तकार वेचू देतो, कोण सोंगणीच्या दुसऱ्याच दिवशी मुद्दाम बकऱ्या सोडतो, म्हणजे कोणाला काही मिळूच नये.

मग बायबलातल्याच लेवीय पुस्तकाचा 19 वा अध्याय काढला. शेताच्या कडा सोंगू नकोस, पडलेलं वेचू नकोस, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. आपण लेकरांना सांगतो की वावराचा मालक बवाज यानं रूथवर उपकार केले. सरवा उपकार नव्हता, नियमशास्त्रानं दिलेला हक्क होता. रूथ मवाबी, म्हणजे परकी, वरून विधवा. दोन्ही नात्यांनी तो तिचा होता. बवाजचं मोठेपण त्याच्या पुढचं आहे. त्यानं गड्यांना बजावलं की तिला हटकू नका, पेंढ्यांतूनही वेचू द्या, आणि मूठमूठ मुद्दाम टाकत चला. हा फरक चौथीच्या लेकराला कळतो. ज्याची आई सरवा वेचते त्याला तर लगेच कळतो.

तुमच्या तालुक्यात जंगल आहे, मोह आहे. एप्रिलात निर्गम पुस्तकाचा 16 वा अध्याय घ्या. मान्ना, म्हणजे रानात देवानं दिलेलं अन्न, पहाटे गोळा करावा लागे, ऊन चढलं की वितळून जाई. ज्यानं जास्त गोळा केला त्याचं उरलं नाही, कमी केला त्याला कमी पडलं नाही, आणि हाव धरून दुसऱ्या दिवसासाठी ठेवला त्यात किडे पडले. अंधारात टोपली घेऊन मोहाखाली गेलेल्या पोराला या गोष्टीसाठी चित्र लागत नाही. त्याला एवढंच विचारा, की गावातल्या सगळ्यांना पुरेल असं वेचायचं ठरलं तर काय होईल? येशूनं सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे दृष्टांत, जूनमध्ये घ्या. त्यातला माणूस बी हातानं फोकतो, म्हणून ते वाटेवर आणि खडकावर पडतं. आपल्या बाया सरकी एकेक दाणा डोबतात, तरी पावसानं दडी मारली की मोड येत नाही आणि दुबार पेरणी करावी लागते. यावर बोलू द्या पोरांना. माझ्याकडं एक मुलगा म्हणाला, "मंग देव बी वाया जाऊ देते, तं तो गरीब नसंल." मी उत्तर दिलं नाही. आठवडाभर मनात तेच घोळत होतं.

आणि आपल्या माणसांच्या गोष्टी सांगा. पंडिता रमाबाईंनी 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून त्यांना सांभाळलं. पुढं हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत त्यांनी अख्खं बायबल उतरवलं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायांनीच त्याचे छपाईचे खिळे जुळवले, त्यांनीच ते छापलं. 1922 मध्ये, मरणाच्या थोडंच आधी काम पुरं झालं. नारायण वामन टिळकांना बायबलातला नवा करार पहिल्यांदा मिळाला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीत, एका अनोळखी प्रवाशाकडून. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी अभंग लिहिले, कारण आपल्या माणसाच्या तोंडी अभंग बसतो. तुमच्या गावात खंजिरी वाजवणारं कोणीतरी असेलच. त्याला रविवारी बोलवा, मग तो कोणत्या का धर्माचा असेना.

एक सोपी गोष्ट राहिली. वर्गाची वेळ बदला. सकाळी दहाला पोर वावरात असतं. मी वेचणीचे तीन महिने वर्ग शनिवारी संध्याकाळी सातला घेते, जेवणं उरकल्यावर, समाजमंदिराच्या ओट्यावर. पाचावर असलेली हजेरी अकरावर गेली.

प्रश्न : आमच्या मंडळीतल्या पोरांनी पंचांपुढं ठराव आणला, की मजुरी, सावकारी, दारू यांवर मंडळीनं बोलावं. जुने पंच म्हणतात, मंडळीचं काम सुवार्तेचं, बाकी राजकारण. मी पंच आहे आणि मधात सापडलो आहे. काय करावं?
— एक पंच, दारव्हा तालुका

उत्तर : भाऊ, मी पोरांच्या बाजूची आहे. तरी ठराव आत्ताच करू नका. आधी पंचांच्या घरचे वजनकाटे बघा.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझे सासरे मंडळीचे पंच होते. सकाळची प्रार्थना कधी चुकली नाही, दशमांश, म्हणजे मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा, कधी थकला नाही. अठरा एकर कोरडवाहू वावर, वेचणीला बारा बाया. संध्याकाळी बाभळीच्या फांदीला काटा टांगला जायचा. एकेक गाठोडं अडकवायचं आणि दर गाठोड्यामागं एक किलो कडता धरायचा, फडक्याचं वजन म्हणून. मी शिकलेली, म्हणून वही माझ्याकडं.

एका संध्याकाळी एका म्हाताऱ्या बाईनं आपलं गाठोडं सोडलं, कापूस गंजीवर ओतला, फडकं झटकलं, चार घड्या घातल्या आणि तेवढं फडकंच काट्याला अडकवलं. जुन्या लुगड्याचा तुकडा तो, मधे विरलेला. काट्याची सुई हलली की नाही ते दिसलंसुद्धा नाही. ती काही बोलली नाही. बाकीच्या अकरा जणी बघत होत्या. सासऱ्यांनी मान वळवली आणि पुढचं गाठोडं मागितलं. मी तिच्या नावापुढं एक किलो कमीच लिहिला. त्या रात्री घरात नेहमीसारखी प्रार्थना झाली, स्तोत्र म्हटलं गेलं, मीही म्हटलं.

तो किलो आमच्या घरात आणखी नऊ वर्षं कापला गेला. पुढं एकदा मी हिशेब मांडला. बारा बाया, चाळीस दिवस, 480 किलो. प्रत्येक फडक्याचं पाव किलो सोडून दिलं तरी 360 किलो कापूस आम्ही दर हंगामात फुकट वेचून घेतला होता. सासरे गेल्यावर मालकांनी आणि मी कडता बंद केला. गावात होत्या त्या बायांच्या घरी जाऊन सांगितलं की आमचं चुकलं, आणि त्या वर्षी प्रत्येकीला थोडं धान्य दिलं. ती म्हातारी तोवर राहिली नव्हती.

म्हणून मला "बाकी राजकारण" हे पटत नाही. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात लिहिलं आहे, पिशवीत दोन तऱ्हेची वजनं ठेवू नकोस. आमोसच्या 8 व्या अध्यायात व्यापारी शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, कधी संपतो याची वाट बघत बसलेत, कारण त्यांना माप लहान आणि वजन खोटं करायचं आहे. याकोब तर आपल्या पत्रात सांगतो, की कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरीच ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानी जातं. नहेम्याचा 5 वा अध्याय आपल्या मंडळ्यांत फारसा वाचला जात नाही, तो तुमच्या पंचांना वाचायला द्या. लोक म्हणतात, धान्यासाठी आमची शेतं गहाण पडली, राजाच्या करासाठी कर्ज काढलं, लेकरं दास होताहेत, आणि घेणारे आपलेच भाऊबंद आहेत. नहेम्या संतापतो, सभा भरवतो, आणि शेतं, मळे, घरं आणि व्याज परत करायला लावतो. तोच नहेम्या यरुशलेमची भिंत बांधत होता. भिंतीचं काम पुढं टाकलं चालेल, हे नाही, असं त्याला वाटलं असणार.

हे काही बाहेरून आलेलं खूळ नाही. वर्ध्याला मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा राहिले. जन्म 1892 चा, तंजावरचा, घराणं ख्रिस्ती, शिकून लंडनला सनदी लेखापाल झालेले. 1934 मध्ये गांधीजींनी ग्रामोद्योग संघ काढला तेव्हा त्याचा भार त्यांनी उचलला. तेलघाणी, हातकागद, मधमाशा, हातसडीचा तांदूळ, या सगळ्याचा हिशेब तो माणूस ठेवायचा. बेचाळीसच्या चळवळीनंतर तुरुंगात असताना त्यांनी येशूच्या शिकवणुकीवरही लिहिलं आणि गावाच्या अर्थकारणावरही. दोन्ही त्यांना एकच वाटे. 1949 च्या त्यांच्या समितीनं जमीन कसणाऱ्याकडं जावी असं सांगितलं. तुमच्या पंचांना वर्धा काही लांब नाही. एकदा घेऊन जा.

मग करायचं काय? येत्या हंगामाच्या सणाला धान्य आणि भोपळे वेदीपुढं येतातच, त्यांच्या शेजारी पंचांनी आपापला काटा आणून ठेवावा. एका दुकानदाराकडून वजनमापे खात्याचा शिक्का असलेलं पाच किलोचं वजन मागून आणा आणि सगळ्यांसमोर एकेक काटा तपासा. फडकंही वजन करून बघा. कडता बंद झाल्याचं मजुरांना त्यांच्या वस्तीत जाऊन सांगा. एवढं झालं की ठराव करा, मग त्याला वजन येईल. दारूवर वेगळं पत्र लिहा, तो विषय दोन ओळींचा नाही.

प्रश्न : मालकांनी मागच्या वर्षी आषाढात आपला जीव दिला. बँकेचं कर्ज आहे आणि एका माणसाचं खासगी, महिना शेकडा पाचानं. साडेतीन एकर त्यांच्या नावावर आहे. दीर म्हणतात, बाईचं नाव सातबाऱ्यावर कशाला, दोन पोरी आहेत, त्या जातील आपल्या घरी. पाळकसाहेब प्रार्थनेला येतात. पण मंडळीत काही बाया म्हणतात, असं मरण पापाचं. मला सुचत नाही.
— एक भगिनी, वाशीम जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी बायांच्या बोलण्याचं. बायबलातल्या 1 राजे पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून देवाला म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. देव त्याला रागवत नाही. त्याला झोप लागते. दूत येतो, उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. तो खातो, पुन्हा निजतो, आणि दूत दुसऱ्यांदा येतो. तुमच्या मालकांच्या उशाशी वेळेवर कोणी भाकर ठेवली नाही. यात मंडळीचीही चूक आहे. तुमची नाही. आणि तुमच्या स्वतःच्या मनात तसलं काही येत असेल तर लपवू नका. 14416 हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आधाराच्या सेवेचा नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. पोरींना शेजारी घेऊन निजत जा.

आता जमिनीचं. आपल्या ख्रिस्ती लोकांना भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 लागतो. मालकांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर त्यांच्या नावावरच्या जमिनीत एक तृतीयांश तुमचा आणि उरलेला दोन तृतीयांश लेकरांचा, सारखा. पोरगा-पोरगी भेद नाही. तुमच्या दोघी पोरी आहेत, म्हणजे दोघींचा प्रत्येकी एक तृतीयांश. पोरी असताना दिरांचा त्यात हिस्सा नाही. लग्न होऊन गेल्या तरी पोरींचा जात नाही.

ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला घ्या आणि वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडं द्या. अर्जात तुमचं आणि दोन्ही पोरींचं नाव घाला. अर्जाची पोच घ्या, तारखेसकट. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. दिरांनी हरकत घेतली तर घाबरू नका, सुनावणी होते. वकिलाचे पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती ते बघत नाहीत. नोंद होईपर्यंत कोणत्याही स्टॅम्पवर सही किंवा अंगठा देऊ नका, दिरांनी मागितला तरी.

त्या खासगी कर्जाचं. वर नहेम्या आला आहे. तो ज्या व्याजावर संतापला ते बहुतेक जाणकार महिन्याला शेकडा एक समजतात. तुमच्याकडून पाच घेतात, म्हणजे वर्षाला साठ. महाराष्ट्रात 2014 पासून सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवाना नसताना असा धंदा करणं गुन्हा आहे. त्या सावकारानं जमिनीचं विक्रीखत करून घेतलं असेल, तर ती जमीन परत मिळवण्यासाठी सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडं अर्ज करता येतो. चिठ्ठ्या, वह्या, फोनवरचे निरोप, सगळं जपून ठेवा.

पाळकसाहेब प्रार्थनेला येतात असं तुम्ही लिहिलंत. त्यांना हा अंक दाखवा. त्यांनी प्रार्थना करावी आणि तुमच्यासोबत एसटीत बसून तहसीलला यावं. बाई एकटी गेली की "उद्या या", सोबत कोणी असलं की खुर्ची मिळते. हे मी गेल्या दोन वर्षांत तीन घरांसोबत जाऊन पाहिलं आहे.

प्रश्न : आम्ही मंडळीतले सात-आठ तरुण मेळघाटच्या पायथ्याच्या एका गावात संध्याकाळची शिकवणी घेतो. गावातले लोक विचारतात, धर्म बदलवायला आले का? आम्हाला वाईट वाटतं. काय उत्तर द्यावं?
— एक युवक, अचलपूर तालुका

उत्तर : बाळा, वाईट वाटून घेऊ नको, खरं सांग. आपण ख्रिस्ती आहोत, येशूनं सांगितलं म्हणून आलो, आणि शिकवणीला कसलीही अट नाही, हे पहिल्याच दिवशी सरपंचांसमोर बोला. मग तसंच वागा. वही-पेन देताना प्रार्थना म्हणवून घेऊ नका. भुकेल्या माणसाची श्रद्धा विकत घेता येते, आणि विकत घेतलेली श्रद्धा देवाला नको आहे. हजेरीचा रजिस्टर गावातल्याच कोणाकडं ठेवायला द्या. तुमच्या जवळ कोठाऱ्याला मिशनचा कुष्ठरोग्यांचा दवाखाना आहे. जखम धुताना तिथं कोणी जात-धर्म विचारत नाही. तिथं एक दिवस जाऊन या.

आणि तिथल्या लोकांची कोरकू भाषा शिका. 1845 मध्ये नागपूरला आलेल्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यानं शाळा काढली, पण सोबत गोंडांची गाणी, शब्द, चालीरीती बसून लिहून घेतल्या. 1863 मध्ये टाकळघाटच्या बाजूला जुनी दगडी वर्तुळं बघून परतताना तो नदीत बुडाला. ती टिपणं 1866 मध्ये छापली गेली, म्हणून ती गाणी आज वाचता येतात. तुमच्या शिकवणीतल्या पोरांच्या आज्यांना पण गाणी येतात. आधी ती ऐका.

प्रश्न : रूथनं एका दिवसात एफाभर सातू वेचले, असं मॅडमनं सांगितलं. एफा म्हणजे आमच्या घरचे किती?
— इयत्ता सहावी, आर्णी तालुका

उत्तर : बेटा, एफा म्हणजे सुमारे 22 लिटरचं माप. तुमच्या घरी तेलाचा पंधरा किलोचा पिपा असेल, तो काठोकाठ भरून वर आणखी पाव-अर्धा पिपा. सातू, म्हणजे जव, हलके असतात, म्हणून वजन तेरा किलोच्या आसपास भरेल. ते तिनं संध्याकाळी काठीनं झोडून, पाखडून मग मोजले, म्हणजे हे भुसा काढल्यानंतरचं माप आहे. एवढं घेऊन ती गावापर्यंत चालत गेली, आणि दुपारच्या जेवणातलं तिनं सासूसाठी राखून ठेवलं होतं, तेही पदरातून काढून दिलं. तुझ्या आईला विचार, दिवसभर सरवा वेचून तिचा किती होतो, आणि मला लिहून कळव.